चेहऱ्यावर खूण काय?

‘चेहऱ्यावर खूण काय?’ हा प्रश्न पोलिसांनी विचारला तर माणूस गडबडतो. सुकलालनाना विचारायचे तेव्हा माणसं रडायला लागायची. नानांच्या टेबलाशी येणारा माणूस सहसा घरातलं कुणीतरी गेल्यावरच येत असे. हातरुमालात गुंडाळलेला एखादा लग्नातला ग्रुप फोटो, त्यात मागच्या रांगेत उजवीकडून पाचवी बाई, अर्धी कुणाच्या तरी टोपीआड, चेहरा हरभऱ्याच्या दाण्याएवढा. ही आमची माय. एवढाच फोटो आहे तिचा. मोठा करून द्या, भिंतीला लावायचा आहे. नाना फोटो उजेडाकडे धरत, बराच वेळ बघत आणि मान वर न करता विचारत, ‘‘चेहऱ्यावर खूण काय?’’

गेल्या आठवड्यात पुतण्याने मोबाइलवर माझा एक फोटो काढून दाखवला. माझ्या नाकाशेजारची चामखीळ त्यात नव्हती. मी म्हटलं, ती कुठे गेली? तो म्हणाला, काका, फोन आपोआप चेहरा साफ करतो. जन्मभर जिला वागवलं ती चामखीळ एका यंत्राने मला न विचारता काढून टाकली, आणि घरातले सगळे म्हणाले, किती छान आलाय फोटो! वाद घालायचा मला कंटाळा आला. लोकांचे चेहरे काढून काढून मी आता थकलो आहे. पण नाना असते तर त्यांनी त्या पोराला समोर बसवून तासभर तरी छळलं असतं.

धुळ्यात आग्रा रोडवर, एका कापडदुकानाच्या वरच्या मजल्यावर आमचा स्टुडिओ होता. ऐंशी सालाच्या आसपास मी तिथे लागलो. मी बाहेरची कामं करायचो, म्हणजे लग्नं. नाना रिटचिंग करायचे. हा शब्द आता समजावून सांगावा लागतो. निगेटिव्हवर बारीक छिद्र असेल तर प्रिंटवर काळा ठिपका उमटतो, धूळ बसली असेल तर पांढरा. त्यात छोटा चेहरा मोठा केला की फिल्मचे दाणेही मोठे होतात आणि तोंडावर रवा सांडल्यासारखं दिसतं. ही सगळी घाण सुईसारख्या पेन्सिलीने आणि दोन केसांच्या ब्रशने भरून काढायची, आणि ती भरताना खालचा माणूस बुजू द्यायचा नाही, हे नानांचं काम.

खिडकीजवळ त्यांचं उतरतं टेबल होतं. मध्ये दुधी काच, काचेखाली आरसा. आरशावर पडलेला उजेड काचेतून वर येई आणि त्या उजेडात निगेटिव्ह धरून ते दिवसभर वाकून बसत. ब्रशचं टोक ओठांत धरून ओलं करायची सवय होती, त्यामुळे त्यांच्या जिभेचं टोक कायम करडं असायचं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं काहीतरी आजार आहे. मी चहाचा कप दोन दिवस वेगळा ठेवला. त्यांच्या ते लक्षात आलं, आणि पुढे दहा वर्षं माझ्या हातून काही चुकलं की ते जीभ बाहेर काढून दाखवायचे.

धुळीचं आणि त्यांचं वैर होतं. दिवाळी झाली की जिनिंगा, म्हणजे कापसातली सरकी काढायचे कारखाने, सुरू होत आणि कापसाचं बारीक तूस हवेत तरंगायला लागे. डोळ्यांना दिसत नसे, पण निगेटिव्हवर बसलं की प्रिंटवर वधूच्या गालावर पांढरी अळी. म्हणून दाराला ओलं गोणपाट, फरशीवर दोनदा पाणी, आणि पंखा बंद. पंखा मेमध्येही बंद. मे महिन्यात धुळ्यात, पत्र्याखाली, पंखा बंद ठेवून बसणं काय असतं ते ज्याने भोगलं त्यालाच माहीत. मी चिडून म्हणायचो, ‘‘नाना, माणूस मेला तरी चालेल, धूळ नको.’’ ते शांतपणे म्हणायचे, ‘‘माणूस मेलाच आहे भाऊ. म्हणून तर आपल्याकडे आलाय.’’

त्यांचा एक जाड भिंगांचा चष्मा होता. तो फक्त टेबलावर. काम संपलं की टेबलाशेजारच्या खिळ्याला लटकवायचा आणि तसंच, उघड्या डोळ्यांनी, पांझरेच्या पुलावरून देवपुरात घरी जायचं. वाटेत ते भलत्याच माणसांना रामराम घालत. एकदा एका अनोळखी माणसाला थांबवून त्यांनी त्याच्या वडिलांच्या दम्याची चौकशी केली होती. आणि गंमत म्हणजे त्या माणसाच्या वडिलांना खरंच दमा निघाला. मी म्हणायचो, चष्मा घरी न्या की. त्यांचं उत्तर ठरलेलं, ‘‘घरी काय पाहायचंय? घरचं सगळं ठाऊक आहे. डोळ्यांना तेवढीच सुट्टी.’’

खुणेचा प्रश्न ते पहिल्यापासून विचारत नव्हते. तो कधी सुरू झाला ते मला माहीत आहे, कारण मी तिथे होतो.

मी लागलो त्याच्या दुसऱ्या वर्षी भडगावकडच्या खेड्यातून एक म्हातारा शेतकरी आणि त्याचे दोन मुलगे आले. म्हातारी गेली होती, ग्रुप फोटोतला चेहरा मोठा करायचा होता. नानांनी नेहमीसारखं केलं. फोटोचा फोटो काढला, त्या निगेटिव्हवर चार दिवस बसले, कपाळावरचे, गालावरचे, हनुवटीवरचे काळे ठिपके पेन्सिलीने एकेक करून भरले. प्रिंट सुरेख आली. स्टुडिओच्या शेटनी ती काचेच्या कपाटात लावायलाही मागितली. मुलगे बघून खूश झाले. म्हाताऱ्याने फोटो दोन्ही हातांत धरला, जरा लांब केला, पुन्हा जवळ आणला आणि विचारलं, ‘‘हाई कोन शे?’’

मोठा मुलगा म्हणाला, ‘‘आबा, हाई माय शे ना आपली.’’

‘‘नही. तिना कपायवर गोंदेल व्हतं. हनुवटीवर तीन टिपका व्हतात. हाई दुसरीच बाई शे.’’ मग त्याने नानांकडे पाहिलं. रागाने नाही, थकून. ‘‘तुमीन बठ्ठं पुसी टाकं, भाऊ.’’

नानांनी निगेटिव्हमधली छिद्रं समजून बाईचं सगळं गोंदण पुसलं होतं. त्यांचा चेहरा पडला तसा मी पुन्हा फार वर्षांनी पाहिला. त्यांनी टर्पेंटाइनच्या बोळ्याने निगेटिव्हवरची चार दिवसांची पेन्सिल पुसून काढली. पुसल्यावर सगळेच ठिपके परत आले, गोंदणाचेही आणि घाणीचेही, आणि कुठला कोणाचा ते आता कळायला मार्ग नव्हता. तेव्हा नानांनी एक कच्ची मोठी प्रिंट काढली, म्हाताऱ्याला स्टूल दिलं आणि म्हणाले, ‘‘आबा, तुम्ही सांगा.’’

ती दुपार मला विसरता येत नाही. म्हातारा बोट ठेवून सांगत होता, हाई ऱ्हाऊ दे, हाई काढ, हाई ऱ्हाऊ दे. नाना लाल पेन्सिलीने गोल करत होते. कपाळावर पाच, हनुवटीवर तीन, आणि उजव्या भुवईशेजारी एक, तो लहानपणी पाटा लागला होता त्याचा व्रण. बाकी सगळी घाण. मुलगे नुसते बघत बसले होते, त्यांना त्यातलं निम्मंही सांगता आलं नसतं. चहा गार झाला. म्हातारा फोटो घेऊन गेल्यावर नाना कितीतरी वेळ चष्मा हातात धरून बसले आणि म्हणाले, ‘‘एकाही ठिपक्याला अडखळला नाही रे तो.’’

दुसऱ्या दिवसापासून पाकिटावर एक ओळ वाढली. गिऱ्हाइकाचा फोटो ठेवायला आमच्याकडे खाकी पाकिटं असत. त्यावर छापलेलं असे नाव, गाव, साईज. नानांनी त्याखाली स्वतःच्या हाताने लिहायला सुरुवात केली, खूण. आणि पुढे गिऱ्हाईक सांगेल ते. डाव्या गालावर तीळ. वरच्या ओठावर देवीचा व्रण. एक कान फाटलेला. कुणी म्हणालं, ‘‘बहुतेक डावीकडेच होता तीळ,’’ तर ते पेन्सिल खाली ठेवत. ‘‘बहुतेक नको. घरी जा, चार जणांना विचारा, मग या.’’ माणसं वैतागायची. चाळीसगावहून, अमळनेरहून एस.टी.चे धक्के खात आलेला माणूस, त्याला हे सांगणार, परत जा आणि तीळ विचारून ये! शेट आत बोलावून समजावत. नाना ऐकून घेत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कुणाला तरी परत पाठवत.

या खुळातूनच त्यांनी मला एक नियम घालून दिला. लग्नात प्रत्येक ग्रुपचे दोन फोटो काढायचे, लागोपाठ, कुणालाही न हलवता. मला ते जड जायचं. मेमध्ये एका दिवसात दोन गावची लग्नं, वरमायांचे रुसवे, वऱ्हाडी रांगेत उभे करता करता घसा बसायचा, आणि एकदा ‘झालं’ म्हटलं की कुणी थांबत नाही. त्यात पुन्हा ओरडायचं, थांबा, आणखी एक! मी एकदा सरळ विचारलं, एक नीट आला की दुसरा कशाला? नानांनी अमळनेरच्या एका लग्नाच्या दोन निगेटिव्ह काचेवर शेजारी शेजारी ठेवल्या आणि मला भिंग दिलं. पहिल्यात नवरदेवाच्या मामाच्या गालावर डाग होता. दुसऱ्यात नव्हता. दुसऱ्यात आजीच्या कपाळावर ठिपका होता, आणि तो पहिल्यातही तिथेच होता.

‘‘जे दोन्हीकडे आहे ते माणसाचं,’’ नाना म्हणाले, ‘‘जे एकीकडेच आहे ते आपलं. फिल्मचं, पाण्याचं, धुळीचं. एकाच फोटोवर हे कळत नाही भाऊ. कितीही हुशार असलास तरी नाही कळत.’’

त्या दिवसापासून मी दोन काढायला लागलो. कुरकुर चालूच ठेवली, पण काढत राहिलो.

नानांच्या बायकोला आम्ही वच्छलाअक्का म्हणायचो. दिवाळीत त्या सांजोऱ्यांचा डबा घेऊन स्टुडिओत येत. लहानशा, चटपटीत, बोलायला मोकळ्या. नानांची चेष्टा करायला त्यांना आमच्यासारखा श्रोता लागे. ‘‘यांना घरी वरण आणि कढी यातला फरक दिसत नाही,’’ त्या सांगत. ‘‘नवं लुगडं नेसलं तरी चार दिवसांनी कळतं, तेही शेजारीण सांगते तेव्हा. आणि इथे म्हणे लोकांचे तीळ मोजतात!’’ नाना करडी जीभ काढून दाखवत. त्या पदराने तोंड झाकून हसत.

अशाच एका दिवाळीत माझ्या कॅमेऱ्यात दोन फोटो शिल्लक होते. मी म्हटलं, ‘‘अक्का, बसा. तुमचा काढतो.’’ त्यांचा फोटो कधी निघालाच नव्हता. लग्न खेड्यात झालेलं, तिथे फोटोवाला कुठला! त्या लाजल्या, पण बसल्या. पदर नीट केला, हात मांडीवर ठेवले. मी दिवा लावला, व्ह्यूफाइंडरला डोळा लावला, फोकस जुळवला. तेवढ्यात टेबलावरून नानांचा आवाज आला, ‘‘अरे, ती फिल्म गिऱ्हाइकाची आहे. घरच्या माणसाचा कधीही काढू. रविवारी आणतो तिला.’’ अक्का लगेच उठल्या. वाईट वाटल्याचं त्यांनी दाखवलं नाही, म्हणाल्या, ‘‘खरंच की, माझा कुठे पळून चाललाय?’’ आणि डबा मोकळा करून निघून गेल्या. बोट बटणावर होतं. मी ते दाबायला हवं होतं. या गोष्टीचा मला आजही राग येतो, नानांचा थोडा आणि स्वतःचा जास्त.

तो रविवार आला नाही. रविवार लग्नांचे असतात.

पुढे रंगीत फोटो आले, काळ्या-पांढऱ्याचं काम आटलं. शेट थकले आणि त्यांच्या मुलाने, किरीटने, जळगावला कलर लॅब काढली. मी जळगावला राहायला गेलो. नाना मंगळवारी आणि शुक्रवारी धुळ्याहून एस.टी.ने यायचे, जुने फोटो दुरुस्त करायला. साठी उलटलेला माणूस, अडीच-तीन तास धुरळा खात यायचा, आल्यावर पाठ टेकून पाच मिनिटं डोळे मिटायचा आणि खिशातून चष्मा काढायचा. चष्मा आता खिळ्यावरून खिशात आला होता, पण घरी गेल्यावर तो खिशातच राही.

सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव साली किरीटने कॉम्प्युटर आणि स्कॅनर आणला. दोन महिन्यांचा कोर्स करून मी तो चालवायला शिकलो, म्हणजे घाबरत घाबरत माऊस हलवायला शिकलो. पहिल्यांदा एक जुना फोटो आत घेऊन मी तो पडद्यावर मोठा केला, तसे नाना खुर्ची ओढून जवळ आले. बाईच्या केसांच्या काळ्या भागात लाल, हिरवे, निळे असे बारीक कण बुजबुजलेले होते. फोटो तर काळा-पांढरा होता.

‘‘हे काय?’’

‘‘नॉईज म्हणतात याला.’’

‘‘ही धूळच की,’’ नाना म्हणाले. ‘‘फोटोची आहे का यंत्राची?’’

मला माहीत नव्हतं. कोर्समध्ये हे कुणी सांगितलं नव्हतं.

‘‘पुन्हा घे. फोटो हलवू नको.’’

मी पुन्हा स्कॅन केलं. दोन्ही चित्रं शेजारी ठेवली. कण दोन्हीत होते, पण वेगवेगळ्या जागी. नाना पडद्याला नाक लावून बराच वेळ बघत राहिले आणि लहान मुलासारखे हसले. ‘‘यंत्राची आहे! अरे, एकीकडे आहे ते दुसरीकडे नाही. अंधारात याला नीट दिसत नाही, मग हा काहीतरी आपल्या मनाचं भरतो.’’ मग म्हणाले, ‘‘चार वेळा घे आणि चारही एकमेकांवर ठेव. फिकट करून.’’

आम्ही फोटो काचेला चिकटपट्टीने पक्का केला आणि चार वेळा स्कॅन केला. पहिला पूर्ण, त्यावर दुसरा अर्धा दिसेल असा, त्यावर तिसरा एक तृतीयांश, सगळ्यात वर चौथा पाव. कण दर वेळी जागा बदलत होते, म्हणून एकमेकांत विरत गेले. बाई चारही वेळा तिथेच बसली होती, म्हणून ती राहिली. केसांचा काळा रंग खोल आणि शांत झाला, कानामागची एक बट दिसायला लागली. ती त्या जुन्या फोटोतही आम्हाला दिसली नव्हती. त्या मशीनवर मी पुढे बरंच काही केलं, पण त्या दुपारइतका आनंद मला कधी झाला नाही. नाना लगेच जमिनीवर आले. ‘‘यंत्राची धूळ गेली. कागदाची आहे तशीच आहे. ती चारही वेळा येणार. तिला हा उपाय नाही, तिला दुसरा फोटोच पाहिजे.’’

किरीट आला तेव्हा आम्ही एका फोटोवर पाऊण तास घालवला होता. तो वाईट मुलगा नव्हता, घाईत असायचा एवढंच. त्याने माझ्या हातातून माऊस घेतला, एक फिल्टर लावला आणि एका टिचकीत कण, दाणे, ओरखडे, सगळं नाहीसं झालं. बाईचा चेहरा साबणाच्या नव्या वडीसारखा गुळगुळीत झाला. गालावरचे देवीचे व्रणही गेले. नानांनी पाकीट पुढे केलं. खूण, दोन्ही गालांवर देवीचे व्रण. किरीट म्हणाला, ‘‘नाना, असेच आवडतात लोकांना.’’ आणि खरं सांगायचं तर तो खोटं बोलत नव्हता. त्या बाईचा मुलगा फोटो न्यायला आला, त्याने तो गुळगुळीत फोटो पाहिला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाला, माय किती सुंदर दिसते. नानांनी पाकीट घडी करून खिशात ठेवलं. त्या पावसाळ्यात त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू निघाला आणि त्यांचं येणं बंद झालं.

त्यानंतर दीड वर्षाने, फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी सकाळी, लॅब उघडून मी झाडून घेत होतो तेव्हा नाना पायऱ्या चढून आले. डोक्याचे केस काढलेले. मी झाडू तसाच हातात धरून उभा राहिलो.

‘‘वच्छला गेली,’’ ते म्हणाले. ‘‘आज सहावा दिवस. उत्तरकार्याला फोटो पाहिजे.’’

त्यांनी पिशवीतून पाकीट काढलं. आमच्या धुळ्याच्या स्टुडिओचंच जुनं खाकी पाकीट, कुठून जपून ठेवलं होतं कोण जाणे. त्यावर त्यांच्या अक्षरात लिहिलं होतं, नाव वच्छलाबाई, गाव धुळे, साईज बारा बाय पंधरा. खूण. खुणेपुढे काही नव्हतं.

आत अक्कांचं मतदार ओळखपत्र होतं. त्या वेळी शाळेच्या वर्गात रांगा लावून, एका कॅमेऱ्यासमोर बसवून ते फोटो काढले होते. तिथे उजेड कमी होता. टपाल तिकिटाएवढा चेहरा, सगळा कणाकणांचा, आणि त्यावर प्लॅस्टिकचं आवरण. जन्मात निघालेला एकच फोटो. मी तो काचेवर ठेवला, चिकटपट्टी लावली आणि न सांगता चार वेळा स्कॅन केला. चारही एकमेकांवर ठेवले. आमच्या यंत्राचे कण गेले. त्या दुसऱ्या कॅमेऱ्याचे राहिले.

ते मी एकेक करून काढत गेलो. फिल्टर लावला नाही. कपाळ निवळलं, कुंकू नीट झालं, हसू दाबल्यासारखी ओठांची ठेवण वर आली. अक्का ओळखू यायला लागल्या. मग डाव्या डोळ्याखाली एक ठिपका उरला. बाकीच्या कणांपेक्षा जरा मोठा, जरा गडद. माझा हात थांबला.

‘‘नाना,’’ मी विचारलं, ‘‘इथे तीळ होता?’’

ते पडद्याजवळ आले. ऑपरेशननंतर मिळालेला नवा, आणखी जाड चष्मा त्यांनी पुसला, पुन्हा लावला. ‘‘नव्हता,’’ म्हणाले. मग म्हणाले, ‘‘थांब.’’

‘‘मुलाला विचारलं मी,’’ ते शेवटी म्हणाले. त्यांचा मुलगा सुरतेला असे, तो आला होता. ‘‘तो म्हणतो होता. तिची बहीण म्हणते नव्हता, काजळ उतरायचं तिथे. दोघं शपथेवर सांगतात.’’ ते खुर्चीत बसले. ‘‘अडतीस वर्षं रे. अडतीस वर्षं ताट समोर ठेवलं तिने माझ्या, आणि मी... तो भडगावचा म्हातारा आठवतो तुला?’’

मी मान हलवली. मीही अक्कांना एकदा व्ह्यूफाइंडरमधून पाहिलं होतं, दिव्याच्या भरपूर उजेडात, फोकस जुळवून. डोळे मिटून मी तो चेहरा आठवून पाहिला. पदर आठवला, मांडीवरचे हात आठवले. डाव्या डोळ्याखाली काय होतं ते मला आठवलं नाही. दिवाळीतले ते दोन फोटो काढले असते तर आज एका मिनिटाचं काम होतं. त्यांना ते माझ्या आधी कळलं होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. गोंदण पुसल्याचं कळलं त्या दिवशी पाहिलेला तोच चेहरा.

माऊसचा बाण ठिपक्यावर होता. मी म्हटलं, ‘‘काढू?’’

‘‘नको,’’ नाना म्हणाले. आणि जरा वेळाने, ‘‘तिचा नसला तरी राहू दे.’’

दुपारपर्यंत प्रिंट तयार झाली. मी ती पुठ्ठ्यात बांधून द्यायला लागलो तर म्हणाले, बांधू नको. त्यांना सोडायला मी बसस्टँडपर्यंत गेलो. धुळ्याच्या गाडीत खिडकीची जागा मिळाली. फोटो मांडीवर ठेवून ते बसले, दोन्ही हातांनी धरून. ऊन काचेवरून आत येत होतं. गाडी निघाली तेव्हा मी हात केला, पण त्यांचं लक्ष नव्हतं. चष्मा डोळ्यांवर होता, मान खाली होती.

नंतर ते कधी जळगावला आले नाहीत. दोन वर्षांनी गेल्याचं कळलं तेव्हा मी लग्नात होतो, फैजपूरला.

त्यांना गाडीत बसवून त्या दिवशी लॅबमध्ये परतलो तर पाकीट टेबलावरच राहिलेलं होतं. मी आत गेलो असताना कधीतरी त्यांनी पेन्सिल उचलली असावी. खुणेपुढची जागा भरलेली होती, अक्षर जरा हललेलं, पण त्यांचंच.

डाव्या डोळ्याखाली तीळ. बहुतेक.